कंसातला ‘प्र.’

बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, कुठल्याही गावातल्या महाविद्यालयात जा, प्राचार्य मीटिंगमध्ये असतात. शिपाई बाकाकडे हात करतो आणि म्हणतो, “बसा, येतेत साहेब.” बसल्यावर समोरच्या भिंतीवरचा फलक दिसतो. सागवानी चौकट, मध्ये काळी पाटी, तीवर पेंटरने पांढऱ्या रंगात आखलेले रकाने: अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत. काही नावांपुढे कंसात एक अक्षर असते, ‘प्र.’ म्हणजे प्रभारी. शेवटच्या नावापुढचा ‘पर्यंत’चा रकाना कोरा असतो.

मला हे फलक वाचायची खोड आहे. संस्थेच्या माहितीपत्रकात जे सापडत नाही ते तिथे सापडते. पहिली दोन नावे बहुधा दहा-बारा वर्षांची असतात. मग मुदती आखूड होत जातात आणि ‘प्र.’ची वस्ती वाढते. मराठीच्या किंवा भूगोलाच्या विभागाबाहेर असा फलक असता तर इतके नवल वाटले नसते. एमबीए आणि बीबीए चालवणाऱ्या संस्थेत तो पाहिला की मात्र गंमत वाटते. आत वर्गात उत्तराधिकारी कसा तयार करावा यावर सोळा गुणांचा प्रश्न येतो आणि बाहेर भिंतीवर त्याच प्रश्नाचे कोरे उत्तर टांगलेले असते.

व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यापीठीय संस्थेचे नेतृत्व कोण करते, हा या प्रकरणाचा विषय. प्रश्न सोपा वाटतो. संचालक करतो, अजून कोण? पण बीडमध्ये बसून पाहिले की ही खुर्ची पाच जणांनी धरलेली दिसते. इमारत, जमीन आणि नेमणुकीचे पत्र संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांकडे. अभ्यासक्रम आणि परीक्षा छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. जागा किती भरायच्या, ग्रंथालयात काय हवे, शिक्षक किती हवेत, हे दिल्लीच्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेकडे, म्हणजे एआयसीटीईकडे. विद्यार्थी येतात ते राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीकृत प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या फेऱ्यांतून. उरले वेळापत्रक, हजेरी, संलग्नीकरण समितीच्या दिवशीचे जेवण आणि नॅकच्या फायली. ते संचालकाचे. 2024-25 पासून बीबीए, बीसीएसुद्धा एआयसीटीईच्या छत्राखाली गेले आणि त्यासाठी वेगळी सीईटी सुरू झाली. तालुक्याच्या गावात बारावीनंतर सहज प्रवेश घेणारी पोरे एकदम ऑनलाइन अर्ज, लॉगिन आणि पर्सेंटाइलच्या भाषेत बोलू लागली. त्या उन्हाळ्यात बऱ्याच संचालकांचे मुख्य काम पालकांना फोन लावणे हे होते.

ही रचना एका दिवसात झालेली नाही. निजामाच्या राज्यात बीडच्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणे उर्दूतून चाले. मराठवाडा 1948 मध्ये मुक्त झाला, तरी स्वतःचे विद्यापीठ मिळायला पुढे दहा वर्षे गेली. न्या. पळणिटकर समितीच्या शिफारशीनंतर 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू सुं. रा. डोंगरकेरी मुंबई विद्यापीठाचे दीर्घकाळचे कुलसचिव. कारभाराची चाकोरी अंगात मुरलेला माणूस. नव्या विद्यापीठाला तेव्हा असाच माणूस लागत होता. पुढे 1994 मध्ये नांदेडला दुसरे विद्यापीठ झाले. लातूर, परभणी, नांदेड तिकडे गेले. बीड मात्र जुन्याच विद्यापीठात राहिले. त्याच वर्षी 14 जानेवारीला त्याचा नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव त्याला जोडले गेले.

दरम्यान 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाचे दार उघडले. आधी अभियांत्रिकी आली, मग मागोमाग व्यवस्थापन. जिल्ह्याच्या गावी एमबीए निघण्याचे श्रेय आणि दोष दोन्ही त्या निर्णयाच्या पदरात घालावे लागतील. संस्थाचालकाच्या हाती अनुदानाशिवाय चालणारे महाविद्यालय आले आणि तिथला प्रमुख हा पगारी व्यवस्थापक झाला. फी आली तर पगार, अशा गणितात प्रभारी स्वस्त पडतो. कायम संचालक नेमायचा तर जाहिरात, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता, पूर्ण वेतनश्रेणी. प्रभारीला सकाळी एक पत्र दिले की दुपारी तो खुर्चीत असतो, आणि तसेच पत्र देऊन त्याला उठवताही येते.

नियमांत मात्र हे सगळे नीट आखलेले आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्राचार्याची मुदत पाच वर्षे आणि कामगिरी तपासून आणखी एकदा पाच वर्षे. महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चारच ठेवल्या. त्यांतली एक वाणिज्य व व्यवस्थापन. तिचा अधिष्ठाता पूर्वी 1994 च्या कायद्याखाली निवडून येत असे; म्हणजे गट, पॅनेल, जेवणावळी, सगळे आलेच. आता तो पूर्णवेळ आणि नेमलेला असतो. माझे मत विचाराल तर निवडणूक गेली ते बरे झाले. पण नेमणूक वेळेवर झाली नाही की अधिष्ठात्यापुढेही तेच अक्षर येऊन बसते.

बीड ज्या विद्यापीठात येते त्याच्या नावातला माणूस स्वतः वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक होता, ही गोष्ट बीडच्या एमबीएच्या वर्गात मी कधी सांगितलेली ऐकली नाही. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय 1913 साली निघाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याची ख्याती. गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे नाव त्याला दिलेले. तिथे नोव्हेंबर 1918 मध्ये डॉ. आंबेडकर राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पगार महिना 450 रुपये. सुरुवातीला या नव्या प्राध्यापकाकडे पोरांचे फारसे लक्ष नव्हते. पुढे दुसऱ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. आणि प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, हेही त्याच इमारतीत घडले. प्राचार्य होते पर्सी अँस्टी, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या परंपरेतले.

त्याच 1918 साली आंबेडकरांचा भारतातल्या लहान शेतजमिनींवरचा निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे होतात म्हणून शेती बुडते, तेव्हा तुकडे एकत्र करा, असे त्या काळी सगळेच म्हणत होते. आंबेडकरांनी प्रश्न उलटा केला. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही. त्यावर किती भांडवल आहे, किती माणसे लटकली आहेत, यावर ठरते. भांडवल तुटपुंजे आणि माणसे जास्त, म्हणून शेत आतबट्ट्याचे होते. तेव्हा जमिनीवरची जादा माणसे उद्योगात न्या. बीडच्या कोरडवाहू गावात उभे राहून हा निबंध वाचावा. जादा माणसे जमिनीवरून निघतात, हे खरे. पण इथे ती उद्योगात जात नाहीत, दुसऱ्याच्या शेतात जातात, हातात कोयता घेऊन.

मार्च 1920 मध्ये आंबेडकरांनी सिडनहॅम सोडले. पगारातून साठवलेले पैसे आणि अपुरा राहिलेला लंडनचा अभ्यास हे कारण होतेच. शिवाय 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ निघाले होते. सरकारी नोकरीत असल्यामुळे त्यावर संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पुढे 1935 ते 1938 आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ती खुर्चीही त्यांनी सोडली. मग 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ, 1950 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढचे मिलिंद. मराठवाड्यातल्या दलित मुलांची उच्चशिक्षणाची पहिली मोठी पिढी तिथून बाहेर पडली. खुर्ची सोडल्यावर संस्था उभी करणारा प्राचार्य आपल्याकडे फार कमी दिसतो.

मुंबई विद्यापीठाची स्वतःची व्यवस्थापन संस्था मात्र 1965 मध्ये आली. स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झालेली जमनालाल बजाज संस्था, पोरांच्या तोंडी नुसती ‘बजाज’. बँकर उदय कोटक तिथलेच विद्यार्थी. पुणे विद्यापीठाने 1971 मध्ये आपला व्यवस्थापन विभाग काढला. त्याच वर्षी शां. ब. मुजुमदारांनी पुण्यात सिम्बायोसिसची सुरुवात केली आणि 1978 मध्ये तिची व्यवस्थापन संस्था निघाली. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत. व्यवस्थापनाची पदवी नसलेल्या माणसाने व्यवस्थापनाची नावाजलेली संस्था उभी केली, हे भूगोल शिकवता शिकवता एमबीएचे प्रभारी संचालक झालेल्यांना दिलासा देणारे आहे.

ज्या वर्षी ‘बजाज’ सुरू झाली, त्याच वर्षी अहमदाबादच्या आयआयएममध्ये एक माणूस संचालक म्हणून आला. त्याच्यावर जरा थांबू. आयआयएम हे विद्यापीठ नव्हे. तिच्यावर कुलगुरू नाही, संलग्नीकरण समिती नाही, त्यामुळे तुलना सरळ होत नाही हे कबूल. पण रवी मथाईंची गोष्ट बीडला जितकी लागू पडते तितकी अहमदाबादलाही पडत नसेल.

1961 साली संस्था निघाली तेव्हा विक्रम साराभाई मानद संचालक होते. प्रयोगशाळा, गिरण्या असे सगळे सांभाळत. म्हणजे आजच्या भाषेत अतिरिक्त कार्यभार. पूर्णवेळ माणूस शोधताना नेमला तो 38 वर्षांचा. रवी मथाई, ऑक्सफर्डचे बी.ए., कलकत्त्याच्या एका कंपनीत विक्रीचे काम केलेले आणि तिथल्या आयआयएममध्ये थोडा काळ शिकवलेले. पीएच.डी. नव्हती. वडील जॉन मथाई देशाचे अर्थमंत्री आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, तेव्हा घरात खुर्च्यांची सवय असणारच. आज अशा अर्जाला आपल्याकडच्या छाननी समितीने पहिल्याच टेबलावर बाजूला ठेवले असते.

मथाईंनी निर्णय अध्यापकांच्या समित्यांकडे सोपवले. संचालक हा बरोबरीच्या लोकांतला एक, फार तर पहिला, असे त्यांनी वागून दाखवले. सात वर्षांनी, 1972 मध्ये, कोणी जा म्हटले नसताना ते संचालकपदावरून उतरले. नवे संचालक सॅम्युएल पॉल. आणि मथाई कुठे गेले? कुठेच नाहीत. त्याच संस्थेत प्राध्यापक म्हणून राहिले. काल ज्यांच्या रजेच्या अर्जावर सही करत होते त्यांच्या शेजारच्या खोलीत बसून शिकवू लागले. आपल्या गावात ही कल्पना करून पाहा. माजी प्राचार्य आणि आजी प्राचार्य एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात, आणि दोघांचे समर्थक वेगळ्या टेबलांवर नाहीत!

पुढचे काम अजून जवळचे. 1975 च्या सुमारास मथाईंनी राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यातला जवाजा हा विकासगट निवडला. दुष्काळी, सुमारे दोनशे गावांचा. सरकारी कागदांत इथे साधनसंपत्ती नाही असा शेरा. मथाईंचे म्हणणे, माणसे तर आहेत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेला बरोबर घेऊन ते चामडे कमावणाऱ्यांत आणि विणकरांत जाऊन बसले. कच्चा माल कोण देतो, व्यापारी भाव कसा ठरवतो, हिशेब कोण ठेवतो, वस्तूला शहरात गिऱ्हाईक का मिळत नाही, या प्रश्नांची उत्तरे कारागिरांनी स्वतः शोधायची आणि शिकायचे ते त्यातूनच. तज्ज्ञांनी हळूहळू निघून यायचे. काम संथ होते, भांडणे होती, जातींची कुंपणे होती. पण कारागिरांची संघटना उभी राहिली आणि मथाई 1984 मध्ये गेल्यानंतरही चालत राहिली. आयआयएम अहमदाबादसारख्या संस्थेचा माजी संचालक चपलांच्या सांध्यावर आणि सतरंजीच्या विणीवर डोके खपवत होता. बीडमध्ये याच वृत्तीचे काम 1982 पासून अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहियांच्या ‘मानवलोक’ने केले. ते समाजकार्याच्या खात्यात जमा झाले, व्यवस्थापनाच्या नव्हे.

हार्वर्डचा फलकही वाचायला हरकत नाही. 1908 मध्ये निघालेल्या त्या बिझनेस स्कूलला आजवर अकरा डीन लाभले. पहिले एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. दुसरे वॉलेस डोनहॅम तब्बल 23 वर्षे होते, आणि प्रकरणे (केस स्टडी) समोर ठेवून शिकवण्याची पद्धत त्यांच्याच काळात तिथे रुजली. दहावे नितीन नोहरिया, आयआयटी मुंबईचे. अकरावे श्रीकांत दातार, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर आणि पुढे अहमदाबादच्या आयआयएमचे. 1 जानेवारी 2021 ला ते डीन झाले. आपल्याकडच्या कॉस्ट अकाउंटिंगच्या मुलांना हे आडनाव हॉर्नग्रेनच्या जाडजूड पुस्तकावरून ठाऊक असते. 2010 मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एमबीएच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिले. त्यात सांगितले ते थोडक्यात असे: जाणणे आपण खूप शिकवतो, करणे थोडे, आणि माणूस म्हणून कसे असावे हे जवळजवळ नाही.

करणे कसे चालते ते आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात कळते. मे-जूनमध्ये महाविद्यालयाजवळच्या कुठल्याही दुकानात काळ्या रेक्झिनच्या, सोनेरी अक्षरांच्या वह्यांची चळत लागलेली असते. एमबीएचे उन्हाळी प्रकल्प. दुकानदाराकडे मागच्या वर्षीची फाइल असतेच. नाव, बैठक क्रमांक आणि कंपनी बदलली की काम झाले. विषय ठरलेले: अमुक दुचाकीच्या ग्राहकांचे समाधान, तमुक बँकेतील कर्मचाऱ्यांची प्रेरणा. बीडमध्ये बसून पोरे चाकणच्या कारखान्यावर लिहितात. मार्गदर्शक सही करतात, कारण ते स्वतः तासिका तत्त्वावर असतात आणि जुलैत त्यांची पुन्हा नेमणूक होईल की नाही हे त्यांनाच माहीत नसते. प्रभारी संचालकाने यात हात घालावा अशी अपेक्षा तरी कशी करायची?

आणि खरे प्रकरण दसऱ्यानंतर डोळ्यांसमोरून जात असते. बीडमधून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाआधी कोयत्याला उचल देतो. त्याला ती कारखान्याच्या वाहतूक ठेकेदाराकडून मिळालेली असते. लाल कापडी बांधणीच्या त्याच्या वहीत कोयत्याचे नाव, उचल, टनाच्या पावत्या, आजारपणाला दिलेले पैसे, आणि खाडा. खाडा म्हणजे कामावर न आलेला दिवस. त्याचा दंड उचलीत चढतो. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी अंगावर राहते, पुढच्या वर्षी तोच मुकादम. ऊसतोडीचा दर साखर कारखाना महासंघ आणि मजूर संघटनांच्या वाटाघाटीत ठरतो. जानेवारी 2024 मध्ये तो 34 टक्क्यांनी वाढवायचे ठरले.

मनुष्यबळ, खेळते भांडवल, जोखीम, वाहतूक, करार, एमबीएच्या चार सत्रांतले निम्मे विषय त्या वहीत आहेत. त्यातले क्रौर्यही आहे. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली. तपासलेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, हे त्यामागच्या कारणांपैकी एक म्हणून पुढे आले. वेतनपद्धती माणसाच्या शरीरापर्यंत कशी पोचते, हे शिकवायला हार्वर्डचे प्रकरण मागवायची गरज नाही. दुसरे प्रकरणही घरचेच: जिल्ह्यातल्या मल्टिस्टेट सहकारी संस्था आणि पतसंस्था बुडाल्या तेव्हा ठेवीदारांच्या रांगा महाविद्यालयांच्या फाटकांवरून गेल्या. लेखापरीक्षण, संचालक मंडळ, हितसंबंध, सगळा अभ्यासक्रम रस्त्यावर उभा होता. आत प्रीलिम चालू होती.

हे वर्गात आणायचे तर संचालकाला तीन-चार वर्षे खुर्चीत राहावे लागेल. पहिल्या वर्षी मुकादम दारात उभे करणार नाहीत, दुसऱ्या वर्षी संस्थेतून विचारणा होईल की कारखान्याशी संबंध का बिघडवता, तिसऱ्या वर्षी कुठे एखादे प्रकरण नीट लिहून होईल. पत्राने बसलेला आणि पत्राने उठणारा माणूस हे करणार नाही. त्याने करावे असे म्हणणेही अन्यायाचे. बीडच्या बलभीम महाविद्यालयात मराठी शिकवलेले नागनाथ कोत्तापल्ले पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तेव्हा इथल्या स्टाफरूममध्ये तशी माणसे नसतात हे कारण कोणी पुढे करू नये. संस्थाचालकांना एवढेच सांगणे आहे की जाहिरात द्या, पाच वर्षांसाठी माणूस नेमा, आणि पाच वर्षे त्याला फोन कमी करा.

विद्यार्थी-पालकांसाठीही एक गोष्ट. कॅप फेरीचा पर्याय-अर्ज भरण्याआधी एकदा त्या महाविद्यालयात जाऊन या. बाकावर बसा, फलक वाचा, कंसातली अक्षरे मोजा. मग शिपायाला विचारा, आधीचे साहेब सध्या कुठेत. “इथंच हायेत की, दुसऱ्या वर्षाला शिकवतेत,” असे उत्तर आले, तर ते महाविद्यालय पहिल्या पसंतीला टाका.